मागच्या बाजूची अक्षरं

चाळीस वर्षं अक्षरं काढली मी, रवळू पेंटरनं.
खानापूर ते बीडी, जिथं भिंत तिथं माझा हात.
एकाच दुकानाची दोन नावं:
वर वाटोळी कानडी, खाली रेघेला लोंबणारी मराठी,
आणि मोर्चा येऊन गेला की वरचं खाली, खालचं वर.
एकदा एका रात्रीत सात पाट्या फिरवल्या.
पैसे दोन्हीकडच्यांनी दिले.
इथं माणूस अक्षराच्या उंचीसाठी डोकं फोडून घेतो.
टेप लावून मोजतात, बघा की.

मग कंपनी आली.
तिनं निंगव्वाला फ्रीज दिला, फुकट.
पुढच्या फळ्यांवर आमच्याच बाटल्या, म्हणाली, एवढंच.
वर पाटी दिली, तीही फुकट, फ्लेक्सची.
कंपनीचं नाव हातभर, लालभडक,
आणि कोपऱ्यात, चुन्याच्या डबीवर मावेल एवढं,
निंगव्वा किराणा.
त्या दिवशी टेप घेऊन कोणी आलं नाही.
माझ्या डब्यातलं घासलेट उडून गेलं, ब्रश दगड झाला.

दारात पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा.
गाडीवरचा पोरगा दर गुरुवारी सुतळी वीतभर खाली घेतो:
"पहिलीतल्या पोराचा हात पोचला पाहिजे, अक्का."
उंचीचं त्यालाही कळतं.
आमच्या माळावरची रताळी पोत्यांतनं निघून जातात लांब कुठंतरी.
चुलीत भाजलेलं एखादं सान्वीपुढं ठेवलं
तर नात म्हणते, आजोबा, हे वाजत नाही.

औंदा मला शुगर निघाली.
बेळगावचा डॉक्टर म्हणाला, पाकिटातलं बंद.
काय असतं त्यात?
मागं लिहिलेलं असतं की, म्हणाला, आणि पुढच्याला हाक मारली.

बसलो वाचायला.
मुल्ला घड्याळजीकडनं डोळ्याला लावायचं भिंग आणलं.
खसखशीएवढी अक्षरं, रुपेरीवर पांढरी.
पेंटर म्हणून सांगतो, हे चुकून होत नाही.
रुपेरीवर पांढरं काढतात
ते कोणी वाचू नये म्हणूनच.
आणि भाषा? ना वरची, ना खालची.
ज्या गावात एका वेलांटीवरनं बस अडवतात
तिथं ह्या ओळीसाठी कधी कुणाचा घसा बसला नाही.

सान्वी इंग्लिश शाळेतली. ती सांगत गेली,
मी ब्रश दगडावर ठेचून मऊ केला
आणि दुकानासमोरच्या भिंतीवर काढत गेलो.
एण्णे, तेल. उप्पु, मीठ.
सक्करे, साखर.
साखर? खारट पाकिटात?
"लिहिलंय, आजोबा."
मग नुसते आकडे, बसच्या नंबरासारखे.
तेही काढले, जसेच्या तसे.
दोन्ही भाषा सारख्या उंचीच्या. टेप लावून.

निंगव्वा बाहेर आली. बराच वेळ वाचत राहिली.
"पेंटरण्णा, पुसा ते.
उद्या गुरुवार."
मी म्हटलं, नेऊ दे की फ्रीज, दूध सकाळीच खपतं तुझं.
ती आत गेली, बाटल्या बाजूला सारल्या.
मागच्या फळीवर, गार अंधारात,
दही नाही, लोणी नाही,
तिची इन्सुलिनची डबी.
"ही कुठं ठेवू?"

चुना कालवला.
चुन्याचं एक असतं, ओला असेपर्यंत खालचं दिसतं,
वाळला की पांढरा होतो.
हात मारला आणि शाळा सुटली.
पोरं उभी राहिली, ओल्यातनं वाचायला लागली,
कानडीची कानडीत, मराठीची मराठीत, मोठ्यानं,
आकड्यांपाशी हसली.
वर कोणती, खाली कोणती, कुणी विचारलं नाही.

मग त्यातल्या सगळ्यात बुटक्यानं
टाचा न उचलता
हात वर केला.
पोचला.